लोडरचा फ्लोट: काय करतो आणि काय करत नाही

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरची लिव्हर मागे ओढली की बूम, म्हणजे बकेट उचलणारा लोडरचा हात, वर जातो आणि पुढे ढकलली की खाली येतो, हे पहिल्याच दिवशी कळते. ‘खाली’च्या जागेच्या पुढे थोडा जोर लावून लिव्हर आणखी नेली की ‘खट्’ असा आवाज होतो आणि ती तिथेच अडकते. हात काढला तरी परत येत नाही. ही फ्लोटची जागा. काही जण तिच्याकडे वर्षानुवर्षे फिरकतच नाहीत, आणि ज्यांना एकदा सापडते ते मग सगळीकडे तीच लावतात. दुसऱ्या प्रकारात नुकसान जास्त. फ्लोट जमीन सपाट करत नाही, आहे त्या जमिनीच्या चढउतारावरून बकेट फिरवतो. एवढे पक्के ध्यानात ठेवले की कुठे लावायचा आणि कुठे नाही हे बहुतेक वेळा आपले आपल्यालाच कळते.

आत काय चालते ते आधी पाहू. बूम उचलणारे सिलिंडर दोन्ही बाजूंनी ऑइल घेतात. बुडाच्या बाजूला ऑइल गेले की रॉड बाहेर येतो आणि बूम चढतो. रॉडच्या बाजूला गेले की रॉड आत ओढला जातो आणि बूम खाली दाबला जातो. लिव्हर न्यूट्रलला असताना दोन्ही वाटा बंद असतात, म्हणून बूम आहे तिथे थांबतो. फ्लोटमध्ये दोन्ही वाटा एकाच वेळी ऑइलच्या टाकीला उघडतात. पंपाचा दाब सिलिंडरपर्यंत येत नाही, ऑइल मोकळेपणी ये-जा करते आणि बकेट फक्त लोडरच्या वजनावर जमिनीला टेकून राहते. उंचवटा आला की वर उचलली जाते, खळगा आला की खाली बसते. बकेटचा कोन धरणारे सिलिंडर मात्र सहसा यात नसतात. कोन तुम्ही ठेवाल तोच राहतो, आणि फ्लोटमधले निम्मे काम या कोनावरच अवलंबून आहे.

लिव्हर ‘खाली’ला धरून ठेवणे म्हणजे फ्लोट नव्हे. तिथे पंप बकेटला जमिनीत दाबतो. जमीन कठीण असेल तर बकेट आत जात नाही, ट्रॅक्टरचे नाक वर उठते आणि पुढच्या चाकांवरचे वजन जाते. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच जातो. आपल्या कोकणातल्या अरुंद पाणंदीत एका बाजूला गडगा (दगडी कुंपण) आणि दुसऱ्या बाजूला व्हाळ (ओढा) असताना हे परवडणारे नाही.

बकेट न्यूट्रलमध्ये एका उंचीवर धरून ट्रॅक्टर चालवला तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. मागच्या आणि पुढच्या चाकांमधले अंतर साधारण १९० सेंटिमीटर आणि बकेटची धार पुढच्या चाकाच्या सुमारे १३० सेंटिमीटर पुढे, असे धरू. पुढचे चाक ५ सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढले की धार जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर वर जाते. मागची चाके त्याच उंचवट्यावर आली की ट्रॅक्टर पुढे झुकतो आणि धार सुमारे साडेतीन सेंटिमीटर जमिनीत घुसते. म्हणजे प्रत्येक उंचवटा स्वतःपुढे एक नवा उंचवटा आणि एक नवा खड्डा तयार करतो. नवख्या हाताने सरळ केलेल्या रस्त्यावर ज्या लाटा उमटतात त्या इथून येतात. फ्लोटमध्ये बकेटचा आणि चाकांच्या चढउताराचा संबंध बराच तुटतो, म्हणून लाटा उमटत नाहीत. पण आधीच असलेल्या लाटा फ्लोटने जातही नाहीत. बकेट त्यांच्यावरून चढत-उतरत निघून जाते, फार तर माथ्यावरची सुटी माती खळग्यात पडते.

म्हणून पावसाने ओरबाडलेली पाणंद दुरुस्त करताना क्रम चुकवू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि चाकोरीतून पाणी वाहून मध्ये खोल चर पडतात. आधी हे चर जांभ्याच्या मोठ्या तुकड्यांनी भरायचे, वर मुरूम टाकायचा. मग रस्त्याला आकार द्यायचा: मधोमध उंच, दोन्ही कडांना उतरता. मातीच्या रस्त्याला मीटरमागे चार सेंटिमीटर उतार ठेवला तर तीन मीटर रुंदीच्या पाणंदीत मध्य कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच येतो. हे काम फ्लोटचे नाही. बकेट आडवी तिरकी होत नाही, ती ट्रॅक्टरबरोबरच कलते. त्यापेक्षा मागच्या लिंकेजला लेव्हलिंग ब्लेड लावून उजव्या लिफ्ट रॉडचे हँडल फिरवावे. ब्लेडचे एक टोक खाली गेले की उतार नीट निघतो. आकार आल्यावर शेवटचा हात मारायला, वरचा सुटा मुरूम पसरून चाकांच्या खुणा पुसायला, फ्लोट घ्यावा.

हा शेवटचा हात उलटा चालवून मारतात. बकेट हलकेच जमिनीवर टेकवा, मग लिव्हर फ्लोटला ढकला, मग रिव्हर्स टाका. हा क्रम असाच. बकेटचा तळ सपाट टेकलेला असेल तर ती फक्त चोपत जाते आणि खुणा पुसते. धार थोडी खाली कलवली की माती ओढायला लागते. जितकी जास्त कलवाल तितकी जास्त ओढते, पण धार पार उभी होईपर्यंत कलवू नये. त्या वेळी कोनाच्या सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर आलेले असतात, आणि उलट जाताना धार एखाद्या रुतलेल्या दगडाला अडकली की सगळा धक्का त्या लांब बाहेर आलेल्या रॉडवर येतो. रॉड वाकला की सिलिंडर उघडावाच लागतो. ३० ते ४५ अंशांच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही.

वेग माणसाच्या चालीपेक्षा जास्त नको. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निदान बकेटच्या तिसऱ्या हिश्श्याने चढवा, म्हणजे मधल्या कडा राहत नाहीत. पट्टा संपताना ट्रॅक्टर थांबवून बकेट उचललीत तर तिथे आडवी वरंबी उरते. चालता चालताच बकेट हळू उचला, माती आपोआप पातळ होत संपते.

मुरूम फार सुटा किंवा जाड थराचा असेल तर फ्लोटमध्येही बकेट त्यात बुडते. लोडरचे वजन तेवढ्या भरावाला जास्त होते. तिथे तळ सपाट ठेवून आधी दोनदा चोपून घ्यावे किंवा ट्रॅक्टरची चाके फिरवून थर दाबून घ्यावा. उलट जमीन घट्ट असेल आणि बकेट वरवर सरकत असेल तर बकेटमध्ये थोडा मुरूम भरून वजन वाढवता येते. मात्र तेव्हा तळ सपाटच राहतो, कारण कलवली तर माल सांडतो.

पुढे ढकलत खरवडायचे असेल तर कोनाचा नियम उलटा आहे. गोठ्यापुढचे शेण किंवा काँक्रीटवरचा गाळ लोटताना बकेटचा तळ जमिनीला सपाट, किंवा धार अगदी किंचित वर. फ्लोटमध्ये धार खाली रोखून पुढे गेलात तर माती धारेला आणखी खाली खेचते. वरून कोणी धरून ठेवलेले नसल्याने धार घुसतच जाते, आणि काँक्रीटचा जोड आला की एकदम ठोकर बसते. बकेट भरली की अजून पुढे सरकत असतानाच तिला मागे कलवा, माल आत बसतो, मग बूम उचला. लिव्हर मागे ओढली की ती फ्लोटच्या खाचेतून सुटते, वेगळे काही करावे लागत नाही.

खळे जांभ्याच्या चिऱ्यांचे असेल तर लोखंडी धार नकोच. चिरा मऊ असतो. फ्लोटमध्ये दाब कमी असला तरी धार त्याचा वरचा थर खरवडते आणि चिऱ्यांच्या कोपऱ्यांचे टवके उडवते. ट्रकच्या जुन्या टायरची किंवा कन्व्हेयर पट्ट्याची फीत कापून बकेटच्या धारेवर नटबोल्टने बसवावी, ती धारेखाली तीन-चार बोटे उतरलेली असावी. ओले शेण आणि साचलेला चिखल रबराने लोखंडापेक्षा स्वच्छ निघतो. शेवाळ रबराने निघत नाही, ते घासूनच काढावे लागते.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काम असेल तर गोष्ट वेगळी. कातळावर मातीचा थर वीतभरही नसतो आणि मधूनच कातळाचे डोके वर आलेले असते. तळ सपाट ठेवून फ्लोटमध्ये गेलात तर बकेट त्या डोक्यावरून चढून पुढे जाते. न्यूट्रलमध्ये गेलात तर धार त्यात अडकते आणि धक्का थेट बूमच्या पिनांना बसतो. इथे फ्लोट निर्विवाद बरा. पण रत्नागिरी, राजापूर, लांजे या भागांत सड्यावरची माती खरवडण्याआधी एकदा पायी फिरून कातळ बघावा. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली बरीच अशीच उघड्या किंवा पातळ मातीखालच्या जांभ्यावर कोरलेली आहेत, आणि लोखंडी धारेचा एक ओरखडा कायमचा राहतो.

आंबा-काजूच्या बागेत बेणणी (गवत-झुडपांची साफसफाई) झाल्यावर कापलेले रान आणि पातेरा (गळलेला पाला) गोळा करायला काही जण फ्लोटमध्ये बकेट फिरवतात. झाडाच्या घेराखाली ते करू नये. जांभ्याच्या उथळ मातीत अन्न घेणारी बारीक मुळे वरच असतात, आणि फ्लोटमधली बकेट हलकी वाटली तरी माती उचलतेच. दोन ओळींमधल्या मोकळ्या वाटेपुरते ठीक. घेराखालचा पातेरा तर तिथेच राहू द्यावा.

आता धोक्याचे. बूम वर असताना लिव्हर फ्लोटला कधीच ढकलू नये. सिलिंडरमध्ये अडवणारे ऑइल उरत नाही, बूम सगळ्या वजनाने खाली कोसळतो. बकेट भरलेली असेल तर ट्रॅक्टरही पुढे झुकतो. यंत्राला त्यातून आणखी एक इजा होते. बूम इतक्या जोरात पडतो की रॉडच्या बाजूला तेवढ्या वेगाने ऑइल ओढले जात नाही, तिथे पोकळी राहते. मग ‘खाली’ दाबायला गेलात की क्षणभर काहीच होत नाही, कारण आधी पोकळी भरायला हवी. हेच वारंवार झाले तर सील लवकर जातात. फ्लोटमध्ये बराच वेळ काम केल्यावर बूम उचलताना तो किंचित बसल्यासारखा वाटतो, तेही अशाच पोकळीमुळे. थोडेसे बसणे चालते. दरवेळी वीतभर बसत असेल तर ऑइलची पातळी आणि पंपाच्या सक्शनची गाळणी तपासा.

दुसरे कमी बोलले जाते. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. घाटीच्या उतारावर ट्रॅक्टर घसरायला लागला तर चालक बकेट जमिनीत दाबून तो अडवतो. फ्लोटमध्ये हे होत नाही. बकेट नुसती घसटत खाली येते. म्हणून उतारावर फ्लोटमध्ये काम करताना लिव्हर ‘खाली’ला आणायची सवय हाताला असावी, म्हणजे फ्लोटच्या खाचेतून मागे ओढायची, पण न्यूट्रलच्या अलीकडेच थांबवायची. सपाट जागी दहा-बारा वेळा करून पाहिले की बसते. ओल्या लाल मातीच्या उतारावर तर पावसात हे काम घेऊच नये.

तिसरे म्हणजे, साध्या यांत्रिक व्हॉल्व्हवर फ्लोटला इंजिन लागत नाही. स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधला ऑइलच्या वाटा उघडणारा-बंद करणारा दांडा, हाताने सरकतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही लिव्हर फ्लोटला गेली की बूम खाली येतो. अंगणात उभ्या ट्रॅक्टरवर मुले चढतात. ट्रॅक्टर सोडताना बकेट नेहमी जमिनीवर, लिव्हर एकदा फ्लोटला नेऊन दाब काढून टाकायचा आणि परत न्यूट्रलला. बूमखाली जाऊन काही करायचे असेल तर लोखंडी टेकू सिलिंडरच्या रॉडवर बसवल्याशिवाय आत शिरू नये.

आपल्या लोडरला फ्लोट आहे की नाही, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. सपाट जागी, आसपास कोणी नसताना, बकेट सपाट टेकवून ‘खाली’ दाबा, पुढची चाके दोन बोटे उचलली जाऊ द्या. मग लिव्हर पुढे खाचेपर्यंत ढकला. चाके खाली बसली तर फ्लोट आहे आणि चालतो. चाके तशीच वर राहिली तर एक तर फ्लोट नाही, किंवा स्पूल तिथपर्यंत पोचत नाही.

स्थानिक वर्कशॉपमध्ये बसवलेल्या बऱ्याच लोडरना साधा तीन जागांचा व्हॉल्व्ह असतो: वर, न्यूट्रल, खाली. त्यात फ्लोट नसतोच. त्यावर उपाय म्हणजे बूमच्या भागाला फ्लोटची खाच असलेला चार जागांचा स्पूल घेणे, किंवा अख्खा व्हॉल्व्ह बदलणे. काही जुन्या लोडरच्या उचलायच्या सिलिंडरला एकच होज पाईप असतो. तो लोडर वजनानेच खाली येतो, खाली दाबूच शकत नाही, त्यामुळे तिथे ‘खाली’ला धरलेली लिव्हर हाच फ्लोट. सिलिंडरला एक पाईप आहे की दोन, एवढे पाहिले की कळते.

फ्लोट असून चालत नसेल तर आधी केबल पाहावी. जॉयस्टिक केबलने व्हॉल्व्ह चालवत असेल तर केबल ताणली जाऊन सैल होते आणि स्पूल ‘खाली’च्या पुढे जात नाही. चालकाला वाटते फ्लोट लागला, प्रत्यक्षात पंप दाबतच असतो. केबलच्या टोकाचा लॉकनट सोडून लांबी जुळवावी आणि त्यानंतर न्यूट्रल तपासावे. बकेट वर धरून लिव्हर सोडल्यावर ती स्वतःहून खाली येत असेल तर जुळवणी जास्त झाली.

लिव्हर खाचेत थांबत नसेल तर व्हॉल्व्हच्या टोपणाखालची स्प्रिंग आणि छर्रे बघा. वरचे रबरी बूट फाटलेले असते, आत पाणी जाते आणि खारी हवा बाकीचे काम करते.

बकेट वर जाते पण परत खाली बसत नाही, किंवा उलटे होते, अशी एका दिशेची तक्रार असेल तर क्विक कपलर, म्हणजे होज पाईपचा झटपट जोड, नीट बसलेला नसतो. त्यातली गोळी अर्धवट उघडी राहते आणि ऑइल एकाच दिशेने जाते. कपलर काढून, पुसून, पुन्हा ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवावा. होज कुठे पिळलेला आहे का तेही पाहावे. सिलिंडरवर पाईप फुटल्यास बूम पडू नये म्हणून लॉक व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर फ्लोट चालणार नाही, कारण तो व्हॉल्व्ह दाबाशिवाय उघडत नाही. त्याला बिघाड समजून काढून टाकू नये.

फ्लोटमध्ये सगळ्या पिना सतत हलत असतात, म्हणून ग्रीसचा हिशेब वेगळा. आठ ते दहा तासांच्या कामामागे एकदा, आणि चिखलात किंवा शेणात काम केल्यावर त्याच संध्याकाळी, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. बकेटची धार जांभ्यावर लवकर झिजते. बोल्टने बसणारी, दोन्हीकडून वापरता येणारी पट्टी घेतली तर एक बाजू झिजल्यावर उलटून लावता येते. पट्टी झिजून बकेटचा तळच घासायला लागेपर्यंत थांबू नये, तळ बदलणे महागात जाते. गाईच्या गोठ्यात काम केल्यावर बकेट पाण्याने धुवावी, शेण-मूत्र पत्रा खाते.

मृग लागण्याआधी लोडर उतरवून ठेवणार असाल तर जमीन कोरडी आणि पक्की हवी, खाली लाकडी ओंडके. इंजिन बंद करून लिव्हर सगळ्या जागांवर फिरवावी, फ्लोटलाही, म्हणजे होजमधला दाब जातो आणि चार महिन्यांनी कपलर जोडताना हाताशी कुस्ती होत नाही. उन्हात ठेवलेल्या लोडरच्या पाईपमध्ये दाब साठतो, म्हणून सावलीत ठेवणे बरे. सिलिंडरच्या रॉडचा उघडा राहणारा भाग ग्रीसने माखून वर प्लास्टिक गुंडाळावे. समुद्राकाठच्या गावात असा उघडा रॉड एका पावसाळ्यात ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतो, आणि तोच खरखरीत भाग पुढे फ्लोटमध्ये दिवसभर सीलमधून आत-बाहेर होतो. कपलरच्या दोन्ही टोकांना टोपणे घालावीत. टोपणे हरवली असतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी, फडके नको. फडक्यातून पाणी शिरते आणि ऑइल दुधासारखे पांढरट होते.